हजेरीपट आणि कामगार : मुंबईच्या कापडगिरण्यांतील लेखी नियमनाचा इतिहास

१

कामगाराला कोणत्या अटींवर कामावर घ्यावे, त्याची नोंद कशी ठेवावी, रजा, दंड, पगार आणि बडतर्फी यांबाबत मालकाने कोणते नियम पाळावेत, या सर्व गोष्टींना आज ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. सामान्य वाचकाला हा विषय नोंदवह्या, विवरणपत्रे आणि तपासनीसांच्या भेटी यांपुरता रुक्ष वाटतो. गिरणी कामगारांच्या इतिहासाकडे वळणाऱ्याचेही लक्ष स्वाभाविकपणेच संप, संघटना आणि पुढारी यांच्याकडे अधिक जाते. हजेरीपट हा कारकुनाच्या मेजावरचा कागद म्हणून बाजूला राहतो. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे आढळून येते की, कामगाराला कायद्याने दिलेले जवळजवळ प्रत्येक संरक्षण अखेर याच कागदावरील एका ओळीशी जाऊन भिडते. ती ओळ कोणी लिहावी, तीत कोणाचे नाव असावे आणि ती कोणाला वाचता यावी, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने त्या इतिहासाची रूपरेषा मांडण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

आरंभी दोन शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. गिरणीत या कागदाला दोन नावे होती. एक ‘हजेरी’ आणि दुसरे ‘मस्टर’. पहिला शब्द अरबी ‘हाजिर’ या शब्दापासून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि दरबार, फौज व कचेरी यांच्या व्यवहारातून रुळला. दुसरा इंग्रजीतून आला. त्याचे मूळ ‘दाखविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. दोन्ही शब्द गिरणीत येण्यापूर्वी फौजेत वावरले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरदाराने अथवा कप्तानाने नसलेल्या शिपायांच्या नावावर पगार उचलू नये म्हणून शिपायांना समक्ष उभे करून मोजण्याची पद्धत युरोपात होती. मोगल फौजेतही घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचे चेहरेपट्टे नोंदवून ठेवण्याची व्यवस्था याच हेतूने केलेली होती. म्हणजे हजेरी ही मूळची पैसा देणाऱ्याच्या रक्षणाची सोय. पैसा घेणाऱ्याच्या हक्काचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होऊ लागला तो पुष्कळ नंतर, आणि तोही सहजासहजी नव्हे. हे परिवर्तन कसे घडले आणि कोठे अपुरे राहिले, हाच या निबंधाचा मुख्य विषय होय.

२

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी ताडदेव येथे १८५६ साली चालू झाली, आणि पुढील दोन पिढ्यांत मुंबई बेटाचा मध्यभाग धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांत काम करणारा कामगारवर्ग मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून आणि त्याखालोखाल सातारा, पुणे वगैरे घाटावरील जिल्ह्यांतून आलेला होता. उत्तर हिंदुस्थानातील लोक पुढे वाढत गेले. या लोकांची गावाकडील जमीन सुटलेली नव्हती. पेरणी-कापणीला, लग्नसराईला आणि कोकणातील माणूस शिमगा-गणपतीला गावी जात असे. दुसऱ्या बाजूला गिरणीच्या मालालाही तेजी-मंदी होती. त्यामुळे कामगाराला नेहमीसाठी बांधून घेणे मालकाला सोयीचे नव्हते, आणि गिरणीला कायमचे बांधून राहणे कामगारालाही शक्य नव्हते.

या परिस्थितीतून मुकादमाचे अथवा जॉबराचे स्थान निर्माण झाले. ‘मुकादम’ म्हणजे शब्दशः पुढे ठेवलेला, पुढारलेला माणूस. गावगाड्यात पाटलालाही काही भागांत हे नाव होते, आणि हा शब्द गिरणीत येताना गावातील अधिकाराची छाया घेऊनच आला. मुकादम माणसे आणी, त्यांना काम शिकवी, बिघडलेला साचा दुरुस्त करी, कोणाला रजा द्यायची आणि कोणाला घरी बसवायचे हे ठरवी. पुष्कळदा तोच कामगाराला खोली मिळवून देई, वाण्याकडे त्याची उधारी उघडून देई आणि प्रसंगी व्याजाने पैसेही देई. स्त्रिया काम करीत त्या खात्यांत हाच अधिकार ‘नाईकिणी’कडे असे. काम मिळविण्यासाठी व ते टिकविण्यासाठी मुकादमाला द्यावी लागणारी रक्कम ‘दस्तुरी’ या नावाने ओळखली जाई. ‘दस्तूर’ म्हणजे रूढी. लाचेला रूढीचे नाव मिळाले, यावरूनच ती किती अंगवळणी पडली होती हे ध्यानात येते.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिचा सारा कारभार तोंडी होता. मुकादम दारावर उभा राहून बोट दाखवी तो आत जाई. कचेरीतील पटावर नाव चढे ते त्याच्या सांगण्यावरून. व्यवस्थापक बहुधा इंग्रजी अथवा गुजराती जाणणारा आणि कामगार मराठी बोलणारा, तोही निरक्षर. या दोहोंमधील एकमेव दुभाषी मुकादमच होता. गिरणीचा नियम काय आहे हे कामगाराला त्याच्याच तोंडून कळे, आणि कामगाराचे गाऱ्हाणे व्यवस्थापकापर्यंत गेलेच तर त्याच्याच शब्दांत जाई. मुकादमाच्या सत्तेची कारणे सांगताना जातीचा, गावाचा आणि कर्जाचा उल्लेख नेहमी केला जातो. तो योग्यच आहे. परंतु नियम जेव्हा लिहिलेला नसतो, तेव्हा नियम सांगणारा हाच नियम होऊन बसतो, हेही त्यांतील एक प्रमुख कारण मानले पाहिजे.

३

या तोंडी राज्यात लेखणीचा पहिला प्रवेश झाला तो १८८१ च्या कारखाने कायद्याने. मुंबई सरकारने १८७५ साली नेमलेल्या समितीनंतर सहा वर्षांनी झालेला हा कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर अथवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. त्यांना रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या देणे भाग केले. प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल तो मूक होता. तरीही एक गोष्ट त्यामुळे घडली. मूल सात वर्षांचे आहे की नाही, बाराचे आहे की नाही, हा प्रश्न प्रथमच कागदावर आला. ज्या समाजात जन्मनोंद नव्हती आणि वय दुष्काळ, पूर अथवा एखाद्या लग्नाच्या आठवणीवरून सांगितले जाई, तेथे डॉक्टरच्या दाखल्यावरून मुलाचे वय ठरू लागले. मुकादमाच्या शब्दाबाहेरचा एक पुरावा गिरणीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

प्रौढ कामगारांची बाजू कागदावर आणण्याचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना आहे. ‘दीनबंधु’ पत्राची धुरा वाहणारे लोखंडे यांनी १८८४ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज ठेवला. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास वेतन अथवा भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. या अर्जाचे महत्त्व मागण्यांइतकेच त्याच्या रूपातही आहे. ज्यांची नावे दुसऱ्याने पटावर चढवावी आणि दुसऱ्यानेच खोडावी, अशा माणसांनी आपली नावे आपण होऊन एका कागदाखाली घातली होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षाच्या जून महिन्यात गिरणीमालक संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती सुट्टी विधिबद्ध झाली. मुलांची वयोमर्यादा नऊ ते चौदा आणि त्यांचे काम सात तास असे ठरले. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले, आणि कायदा पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत पोहोचला.

पुढील कायद्यांचा क्रम सर्वश्रुत आहे. १९११ साली कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम दिवसाला बारा तासांवर, १९२२ साली दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांवर, १९३४ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याला चोपन्न तासांवर, आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस तासांवर आले. परंतु तास कमी करणारा प्रत्येक कायदा नोंदवहीत एक नवा रकानाही घालीत होता, इकडे सहसा लक्ष जात नाही. तासांची मर्यादा पाळली की नाही हे कळण्यास, कोण केव्हा आत गेला आणि केव्हा बाहेर आला हे लिहिलेले असले पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्यात या विचाराची परिणती दिसते. कामाच्या वेळांचे पत्रक कारखान्यात लावावे, प्रौढ कामगारांचे नोंदपुस्तक ठेवावे, आणि या दोहोंशी जुळणार नाही असे काम कोणाकडूनही घेऊ नये, असे बंधन त्याने मालकावर घातले. त्याचबरोबर, यंत्रे चालू असताना जो मनुष्य कारखान्यात आढळेल तो, उलट सिद्ध होईपर्यंत, तेथील कामगारच समजावा, असेही कलम त्यात होते. पट खोटा असू शकतो हे कायदेकारांना ठाऊक होते. म्हणून एका बाजूस पटाची सक्ती करून दुसऱ्या बाजूस डोळ्यांना दिसणाऱ्या हजेरीला त्यांनी पटावरील हजेरीहून वरचे स्थान दिले.

४

तासांनंतरचा प्रश्न पैशाचा. गिरणीतील पगार महिन्याचा असे आणि तो हाती पडण्यास पुढील महिन्याचा बराच भाग उलटे. या अवधीत कामगाराचे वेतन मालकाकडे जणू ठेव म्हणून राही. काम सोडून जाणाऱ्याला ते गमवावे लागण्याचा धाक असे, आणि मधल्या दिवसांसाठी वाण्याचे व सावकाराचे दार ठोठवावे लागे. त्यात दंड आणि खाडे यांची भर. ‘खाडा’ हा शब्द मराठीत गैरहजेरीच्या दिवसाला लावतात. त्या दिवसाची मजुरी बुडणे हे त्याचे साधे फळ. परंतु गिरण्यांत ‘दुहेरी खाडा’ नावाचा प्रकार होता. एक दिवस चुकला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. सुताचा अथवा कापडाचा माल खराब निघाला तरी दंड होई. तो किती आणि कशासाठी हे मुकादम व खातेप्रमुख यांच्या मर्जीवर राही.

१९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने या साऱ्याला लेखी चौकट घातली. हजाराहून कमी माणसे असलेल्या कारखान्यात वेतनकाल संपल्यावर सात दिवसांच्या आत आणि इतरत्र दहा दिवसांच्या आत पगार दिला पाहिजे, असा नियम झाला. दंड कोणत्या कृत्यांसाठी होईल त्यांची यादी आधी मंजूर करून लावली पाहिजे, कामगाराला आपली बाजू सांगण्याची संधी दिली पाहिजे, दंडाची एकूण रक्कम वेतनाच्या रुपयाला अर्धा आणा यापेक्षा अधिक होता कामा नये, आणि जमा झालेला दंड वेगळ्या वहीत नोंदवून कामगारांच्याच हिताच्या कामी लावला पाहिजे, अशी ती कलमे होती. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करावी असे ठरल्याने दुहेरी खाड्याचा आधार गेला. मात्र दहा अथवा अधिक कामगार संगनमताने, नोटीस न देता व सबळ कारण नसता गैरहजर राहिल्यास आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची सवलत मालकाला मिळाली. संपाविषयीची भीती या एका अपवादात स्वच्छ दिसते.

लोखंड्यांच्या अर्जात पगाराच्या तारखेची मागणी १८८४ साली आली होती. ती कायद्यात उतरण्यास बावन्न वर्षे लागली. या अवधीत कामगारांच्या दोन पिढ्या उधारीवर जगल्या, हे सांगितल्यावाचून या कलमाचे मोल कळणार नाही.

५

आता स्थायी आदेशांकडे वळू. गिरणीत प्रवेश, रजा, बडतर्फी यांसंबंधीच्या नियमांना हे नाव आहे. मालकांनी असे नियम पूर्वीपासून केलेले होते, परंतु ते एकतर्फी होते. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात कामगारांच्या सतरा मागण्यांबरोबरच मालकसंघाने पुढे केलेले स्थायी आदेशही वादाचा विषय झाले, आणि संपानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्यांचे कलमवार परीक्षण केले. नियम करणे ही मालकाची खाजगी बाब नसून ती उभय पक्षांनी तपासण्याची गोष्ट आहे, हे तत्त्व मुंबईत येथे प्रथम ठसठशीतपणे पुढे आले.

जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक राजकीय आयोगाने १९३१ साली आपला अहवाल दिला, आणि मुकादमाकडील भरतीचा व बडतर्फीचा अधिकार काढून घेऊन तो स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबईच्या सलोखा कायद्याने सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला, आणि मालकसंघानेही आपला स्वतंत्र अधिकारी ठेवला. १९३६ साली मुंबईत नागपाडा येथे समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि तिने कामगार कल्याणाच्या क्षेत्रात काम करणारी शिकलेली माणसे तयार केली. १९४८ च्या कायद्याने पाचशे अथवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा झाला. मुकादम, कामगार अधिकारी, कल्याण अधिकारी आणि आजचा मनुष्यबळ अधिकारी अशी ही परंपरा आहे. तिच्यातील प्रत्येक टप्प्यावर अधिकार बोलण्याकडून लिहिण्याकडे सरकत गेलेला दिसतो.

१९३८ व १९४६ च्या मुंबई प्रांतातील कायद्यांनी स्थायी आदेशांना वैधानिक रूप दिले. १९३८ च्या कायद्याने संपाच्या हक्कावर घातलेल्या मर्यादांमुळे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी एक दिवसाचा निषेधसंपही केला होता, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूरखात्याचे सदस्य असताना, १९४६ साली, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम संमत झाला आणि शंभर अथवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत हे आदेश प्रमाणित करून घेणे देशभर बंधनकारक झाले.

भाषेच्या अभ्यासकाला या अधिनियमातील एक तरतूद विशेष बोलकी वाटते. प्रमाणित आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दाराने आत येतात तेथे अथवा त्याच्या जवळ, खास फलकांवर ठळकपणे लावावेत, असे त्यात म्हटले होते. जो नियम पूर्वी दारावर उभा असलेला मुकादम सांगे, तो आता त्याच दारावरच्या फलकाने सांगावा, ही योजना मोठी अर्थपूर्ण होय. परंतु समजणारी भाषा आणि समजणारा मजकूर यांत अंतर असते. ‘प्रमाणित’, ‘निलंबन’, ‘गैरवर्तन’, ‘सेवासमाप्ती’ हे शब्द मराठी असले तरी विणकाम खात्यातील माणसाच्या बोलीतले नव्हते. त्याची मराठी ‘खाडा’, ‘पाळी’, ‘तिकीट’, ‘बदली’, ‘साचा’, ‘भोंगा’ या शब्दांची होती. फलक वाचता येणारा एखादा शिकलेला तरुण अथवा युनियनचा कार्यकर्ता तो इतरांना समजावून देई. दुभाष्याची गरज संपली नाही. तो मालकाच्या बाजूने उभा असण्याऐवजी कामगारांच्या बाजूने उभा राहू शकला, एवढाच फरक पडला. पण हा फरक लहान नव्हे.

६

लेखी नियमाचा महिमा सांगताना, जे कधीच लिहिले गेले नाही त्याचाही विचार केला पाहिजे. गिरणीच्या विणकाम खात्यात सूतकताईपेक्षा मिळकत अधिक असे. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातल्यावर धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्या कामगाराच्याही तोंडाला लागे. या स्पर्शाला इतर कामगारांची हरकत होती. हा निर्बंध हजेरीपटावर रकाना म्हणून छापलेला नव्हता. तो मुकादमाच्या निवडीत आणि कामगारांच्या मूक संमतीत राहत असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला आणि सर्व खाती सर्वांना खुली करण्याचा आग्रह धरला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनाही या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड गेले. केवळ नोंदवह्या चोख ठेवून न्याय होत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे. पटावर कोणाची नावे आहेत हे पाहणारा तपासनीस कोणाची नावे नाहीत हे पाहू शकत नाही.

७

पटाबाहेर राहिलेल्यांचा दुसरा वर्ग म्हणजे बदली कामगार. ‘बदली’ या शब्दाच्या मुळाशी अरबी ‘बदल’ आहे. एकाच्या जागी दुसरा, असा त्याचा अर्थ. सरकारी नोकराच्या बाबतीत ‘बदली’ म्हणजे स्थानांतर, तर गिरणीत ‘बदली’ म्हणजे प्रत्यक्ष माणूस. एका नामाने क्रियेऐवजी कर्त्याचा बोध व्हावा, असा हा अर्थविस्तार आहे. कायम कामगार गावी गेला, आजारी पडला अथवा नुसताच थकला, तर त्याचा साचा त्या दिवशी बदलीला मिळे. भोंगा होण्यापूर्वी दारावर येऊन उभे राहायचे, नाव पुकारले तर आत जायचे, नाही तर परत फिरायचे, हा त्याचा दिनक्रम. मुकादमाची खरी सत्ता चाले ती या दारावरच्या गर्दीवर.

१९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस निवडक माणसांना बदली कार्डे द्यावीत, त्यांनी रोज सकाळी हजर राहावे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भराव्यात, असा तिचा आराखडा होता. दस्तुरीला त्यामुळे काहीसा आळा बसला, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याच कार्डाने बदलीला एक कायमचे तात्पुरतेपणही बहाल केले. पूर्वी तो निव्वळ गर्दीतला माणूस होता. आता तो नोंदलेला, तरीही कायम नसलेला असा स्वतंत्र वर्ग झाला. १९४६ च्या अधिनियमाखालील आदर्श स्थायी आदेशांत कायम, उमेदवार, तात्पुरता वगैरे वर्गांबरोबर ‘बदली’ हाही एक वर्ग सांगितला आहे. मुंबईच्या गिरणीदारावरचा हा शब्द अशा रीतीने इंग्रजी कायद्यात, भाषांतर न होता, जसाच्या तसा जाऊन बसला.

१९५३ साली औद्योगिक विवाद अधिनियमात दुरुस्ती होऊन, कच्चा माल, वीज अथवा कोळसा यांच्या अभावी मालक काम देऊ शकला नाही तर कामगाराला अर्ध्या वेतनाइतकी भरपाई मिळण्याची तरतूद झाली. तिच्या अटींचे शब्द पाहण्यासारखे आहेत. ज्याचे नाव मस्टरवर आहे आणि ज्याची एक वर्षाची सलग सेवा झाली आहे अशालाच ती मिळणार होती, व बदली कामगाराला तीतून वगळले होते. मात्र बदलीचीही एक वर्षाची सलग सेवा पूर्ण झाली असल्यास या कलमापुरता तो बदली समजला जाऊ नये, असेही स्पष्टीकरण होते. सलग सेवा म्हणजे बारा महिन्यांत साधारणतः दोनशे चाळीस दिवस प्रत्यक्ष काम. याचा परिणाम असा झाला की, बदली कामगाराचे भवितव्य मस्टरवरील खुणांच्या बेरजेवर अवलंबून राहू लागले. दोनशे चाळीसाव्या दिवसाच्या आधीच सेवा खंडित करण्याची, म्हणजे कामगारांच्या बोलीत ‘ब्रेक देण्याची’, चाल यातूनच उद्योगधंद्यांत पसरली. कामगारांना हक्क न मिळावा या हेतूने वर्षानुवर्षे बदली अथवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याला स्पष्ट शब्दांत सांगावे लागले, यावरून ही चाल किती पसरली असेल याची कल्पना येते.

त्याच १९५३ च्या दुरुस्तीत आणखी एक छोटे कलम होते. काम बंद असले तरी मालकाने मस्टर ठेवलेच पाहिजे, आणि कामाच्या वेळेस जे कामगार येऊन हजर होतील त्यांना त्यावर नोंद करता आली पाहिजे. काम नाही, यंत्रे स्तब्ध आहेत, तरी हजेरी मात्र चालू. येथे हजेरीच्या मूळ हेतूची दिशा पूर्णपणे पालटलेली दिसते. पैसा देणाऱ्याने फसू नये म्हणून निघालेला कागद आता पैसा घेणाऱ्याने आपले अस्तित्व सिद्ध करावे म्हणून उघडा ठेवला जात होता.

८

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करावे हीही त्यांची मागणी होती. संपाचा रीतसर शेवट कधी झालाच नाही. असंख्य कामगार कामावर परतू शकले नाहीत, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींचे मोल सोन्याहून अधिक झाले. त्या जमिनींच्या काही भागावर माजी गिरणी कामगारांसाठी घरे बांधण्याची योजना पुढे आली, आणि २०१२ साली गृहनिर्माण प्राधिकरणाने त्यांतील पहिल्या घरांची सोडत काढली. घर कोणाला मिळावे याची कसोटी १ जानेवारी १९८२ या तारखेशी बांधली गेली. त्या दिवशी अथवा त्यानंतर आपण गिरणीत कामावर होतो, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे होते.

अशा रीतीने संपानंतर तीस वर्षांनी, जेव्हा गिरणी उरली नव्हती, मुकादम उरला नव्हता आणि पुष्कळ ठिकाणी तो कामगारही उरला नव्हता, तेव्हा त्याच्या विधवेला अथवा मुलाला हजेरीपत्रक, तिकीट क्रमांक, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीची नोंद यांसारखे कागद शोधावे लागले. कोकणातल्या अथवा घाटावरच्या घरात, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जपलेले ते कार्ड आता घराची किल्ली ठरले. ज्यांचे कागद पुरात, स्थलांतरात अथवा निष्काळजीपणात गेले, त्यांच्या आयुष्यभराच्या श्रमाला पुरावा राहिला नाही. मालकाच्या कचेरीतील एका ओळीचे वजन याहून स्पष्टपणे दाखविणारा दुसरा दाखला मिळणे कठीण आहे.

९

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, मुंबईच्या गिरण्यांत लेखी नियमनाचा विस्तार हा केवळ सरकारी तपासणीचा विस्तार नव्हता. मुकादमाच्या तोंडी सत्तेला दिलेला तो पर्याय होता, आणि लोखंड्यांच्या अर्जापासून कामगारांनी स्वतः त्याची मागणी केली होती. दुसरा असा की, लिहिलेली प्रत्येक ओळ आत आणि बाहेर अशी सीमाही आखते. जितके संरक्षण आतल्यांना वाढत गेले, तितकी कोणाला बाहेर ठेवायचे ही मालकाची प्रेरणाही वाढत गेली. बदलीचा इतिहास हा या प्रेरणेचाच इतिहास होय. तिसरा निष्कर्ष भाषेविषयीचा. नियम कामगाराच्या भाषेत लावला म्हणजे तो त्याला कळला असे होत नाही, आणि जो नियम ज्याला कळत नाही तो त्याच्यापुरता अद्याप तोंडीच राहिलेला असतो.

२०१९ व २०२० साली संसदेने चार श्रमसंहिता संमत केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आल्या. स्थायी आदेशांची मर्यादा त्यांनी शंभरावरून तीनशे कामगारांपर्यंत नेली. दुसऱ्या बाजूस प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देण्याचे बंधनही घातले. म्हणजे लेखी नियमाचे क्षेत्र एका अंगाने आकसले आणि दुसऱ्या अंगाने वाढले. ‘बदली’ हा शब्द मात्र नव्या संहितेतील कामगारांच्या वर्गवारीत कायम आहे. ज्या गिरण्यांनी तो कायद्याला दिला त्यांची धुराडी थंड झाली, पण शब्द टिकला. आणि ज्या अर्थी शब्द टिकला आहे, त्या अर्थी भल्या सकाळी दारावर उभे राहून आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहणारा माणूसही कोठेतरी टिकून आहे, असे समजावयास हरकत नाही. त्याचे दार कोणते, त्याचा मुकादम कोण आणि त्याच्या नावाची ओळ कोणत्या वहीत आहे, याचा शोध घेणे हे यापुढील अभ्यासकांचे काम आहे.